पाकिटाचे वजन आणि नियंत्रण आलेख



हळद दळून अर्ध्या किलोच्या पाकिटात विकणारे बचत गट आता अनेक गावांत आहेत. अशाच एका गटाच्या शेडमध्ये मी सकाळभर बसलो होतो. भरणीच्या मशीनवरची ताई प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवी. चार ग्रॅम कमी दिसले की स्क्रू फिरवी, पुढचे जास्त भरले की उलटा फिरवी. काम मन लावून चालले होते, पण वजन काही बसेना.

मशीन कितीही चांगले असले तरी दोन पाकिटे नेमकी सारखी भरत नाहीत. पावडरीचा ओलावा, हॉपरमधला कमीजास्त माल अशा बारीक कारणांनी फरक राहणारच. त्या प्रत्येक फरकामागे, जेवढे कमी तेवढेच वाढवायचे, असा स्क्रू फिरवला तर चढउतार घटत नाही, उलट सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आम्ही कृषिविद्येची माणसे एकाच शेतातल्या वाफ्यांत हेच पाहतो. खत तेच, बियाणे तेच, तरी उत्पादन वेगळे.

मग मशीनला हात कधी लावायचा? याचे उत्तर अमेरिकेतील डॉ. वॉल्टर शेव्हार्ट यांनी १९२४ साली टेलिफोनचे सामान बनविणाऱ्या कारखान्यासाठी शोधले. १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. त्यांचा आलेख वही-पेन्सिलीवर होतो.

दर तासाला लागोपाठची पाच पाकिटे घ्या. रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून सरासरी काढा. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या पाकिटातली तफावतही लिहा. अशा २० ते २५ नोंदी स्क्रूला हात न लावता घ्या. समजा, एकूण सरासरी ५०३ ग्रॅम आणि सरासरी तफावत ८ ग्रॅम आली. पाचच्या गटासाठी तफावतीला ०.५७७ ने गुणावे, म्हणजे ४.६ ग्रॅम. वरची रेषा ५०७.६, खालची ४९८.४. तफावतीची वरची रेषा ८ गुणिले २.११४, म्हणजे १६.९. तफावतीचा आलेख आधी पाहावा. तोच बिघडला असेल तर सरासरीच्या रेषांना अर्थ नाही.

ठिपका रेषेबाहेर गेला, किंवा सलग आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तरच कारण शोधा. नवीन दळण, वीज जाऊन आली, माणूस बदलला, हे ठिपक्याशेजारी त्याच वेळी लिहा. संध्याकाळी कोणाला आठवत नाही.

एक गफलत मात्र नेहमी होते. सगळे ठिपके रेषांच्या आत म्हणजे माल चांगला, असे नव्हे. रेषा सरासरीच्या आहेत, एकेका पाकिटाच्या नाहीत. वरच्या उदाहरणात सुमारे पाचातले एक पाकीट ५०० ग्रॅमच्या खाली जाते! भीतीने भरणी ५१० वर नेली तर तक्रार थांबेल, पण हजार पाकिटांमागे १० किलो हळद फुकट जाईल. त्यापेक्षा चाळणी एकसारखी ठेवा, हॉपर निम्म्याखाली जाऊ देऊ नका. तफावत उतरली की नव्या २० नोंदी घेऊन रेषा पुन्हा आखा, आणि मगच भरणी ठरवा.

त्या ताईंनी स्क्रूवर चिकटपट्टी लावली आहे. वहीत ठिपका बाहेर दिसल्याशिवाय ती काढायची नाही, असे गटात ठरले आहे.