मोड आहे का?

ज्या माणसाचें सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मुलांकडून पाढे पाठ करून घेण्यांत गेलें, त्याला पैशाच्या उलाढालीवर बोलण्याचा अधिकार कितपत, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. माझा अधिकार एवढाच कीं, गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं माझ्या खिशांत पांचशें रुपयांची नोट होती, बँकेंत निवृत्तिवेतन जमा होतें, हातांत फोन होता, आणि तरीहि एकशें बासष्ट रुपयांचें औषध मला विकत घेतां येईना.

झालें तें असें. माझ्या पत्नीला दम्याचा जुना विकार आहे. श्वासाबरोबर ओढावयाचें तिचें औषध त्या रात्रीं संपलेलें आढळलें. दहा वाजून गेले होते, पाऊस कोसळत होता, आणि आमच्या पेठेंतील औषधांचें दुकान बंद होण्याच्या बेतांत होतें. मीं औषध मागितलें, दुकानांत टांगलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीवर फोन धरला, गुप्त अंक दाबले. खात्यांतून पैसे वजा झाल्याचा बँकेचा निरोप तत्काळ आला. परंतु दुकानांतील तो बोलका डबा, जो एरवीं पांच रुपये आले तरी साऱ्या गल्लीला ऐकूं जाईल अशा आवाजांत ते पुकारतो, तो गप्प! मालक गांवीं गेलेले. दुकानावर नवा मुलगा. तो म्हणाला, "काका, आमच्याकडे नाही आले." मीं पुन्हां प्रयत्न केला. ह्या खेपेस फोनवर नुसतें चक्र फिरत राहिलें. तेव्हां मीं मोठ्या विजयी मुद्रेनें पांचशेंची नोट काढली. त्यानें गल्ला उघडून माझ्यापुढें धरला. आंत पांचशेंच्या दोन नोटा, दहाची एक, आणि रबरांचा गुंता. "मोड कुठली आता, काका? दिवसांत रोख देणारी चार माणसं येतात." उधार देण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि मला तो ओळखतहि नव्हता. त्याला मी दोष देत नाहीं.

अखेर दुकानाच्या वळचणीला उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानें ओल्या खिशांतून पन्नासच्या आणि दहाच्या चुरगळलेल्या नोटा मोजून दिल्या. औषध घरीं पोंचलें. वजा झालेले पैसे चौथ्या दिवशीं परत आले. नियमाप्रमाणें ते योग्य वेळींच आले म्हणावयाचे. अशा प्रसंगीं व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत रक्कम परत झाली पाहिजे, आणि न झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळावी, असें रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालीं ठरवून दिलें आहे. नियम चांगला आहे. फक्त दमा पांच दिवस थांबत नाहीं.

आतां ह्या व्यवहारांत पैसा कोणत्या वाटेनें जातो तें पाहूं. आपण अंक दाबले कीं निरोप फोनमधून निघून त्या सोयीच्या चालकाकडे जातो, तेथून मध्यवर्ती केंद्राकडे, तेथून आपल्या बँकेकडे. बँक रक्कम वजा करते. मग केंद्रामार्फत दुकानदाराच्या बँकेंत ती जमा होते, आणि उलट पावली तीच वाट चालून पोंच येते. हें सारें कांहीं क्षणांत होतें, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या ह्या यूपीआय पद्धतीनें ऑगस्ट २०२५ ह्या एकाच महिन्यांत दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. परंतु शाळामास्तराला हिशेब सुचल्यावांचून राहत नाहीं. समजा, पाण्याची घागर पांच जणांच्या हातांतून जावयाची आहे, आणि प्रत्येकाच्या हातून ती शंभरांत एकदां निसटते. (प्रत्यक्ष यंत्रें इतकीं वेंधळीं नाहींत, आंकडा केवळ उदाहरणासाठीं घेतला.) तर शंभर घागरींपैकीं पंचाण्णवच्या आसपासच पोंचतील. प्रत्येक जण शंभरांत नव्व्याण्णव गुणांचा, तरी सर्वांची मिळून मजल पंचाण्णवावर! शिवाय मधला एक जण सर्वांचा मिळून एकच असेल, तर तो अडखळतांच सगळ्या गांवाचें पाणी थांबतें. २०२५ सालीं २६ मार्चला आणि १२ एप्रिलला देशभर यूपीआयचे व्यवहार अडखळले, तेव्हां एकाच वेळीं लक्षावधि लोक दुकानांत हातांत फोन घेऊन उभे राहिले. नोटांच्या व्यवहारांत माझें पाकीट हरवलें तर माझें एकट्याचेंच अडतें. शेजाऱ्याचें बाजारहाट थांबत नाहीं.

ह्याहून मोठें उदाहरण स्वीडन देशाचें आहे. स्वीडनची निवड मुद्दाम करतों. युरोपांत पहिल्या कागदी नोटा १६६१ सालीं काढल्या त्या स्टॉकहोमच्या एका बँकेनें. आणि रोख पैशाचा वापर जवळजवळ सोडून देण्यांतहि तोच देश जगांत आघाडीवर. २ जुलै २०२१ रोजीं अमेरिकेंतील एका कंपनीच्या संगणकीय साधनांत खंडणीखोरांनीं शिरकाव केला, आणि तें साधन वापरणाऱ्यांचे संगणक कुलूपबंद करून टाकले. स्वीडनमध्यें सहकारी तत्त्वावर चालणारी 'कूप' नांवाची किराणा दुकानांची मोठी साखळी आहे. तिच्या गल्ल्यांचीं यंत्रें सांभाळणारा पुरवठादार नेमकें तेंच साधन वापरीत होता. दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, सुमारें आठशें दुकानें बंद राहिलीं. हल्ला कूपवर नव्हता, स्वीडनवरहि नव्हता. दुकानांत दूध होतें, पाव होता, विकणारे होते, घेणारे होते. आणि ज्याच्या खिशांत रोख क्रोनर होते त्याचाहि उपयोग झाला नाहीं, कारण गल्लाच उघडेना आणि बिलच निघेना. यंत्रें पूर्ववत् करण्यास कारागिरांना दुकानोदुकानीं जावें लागलें, आणि त्यांत कांहीं दिवस गेले. आपला जुना वाणी पाटीवर किंवा पुडीच्या कागदावर बेरीज मांडून मोकळा झाला असता, हा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच जुलै महिन्याच्या २२ तारखेला आपल्या कोंकणांत वाशिष्ठीचें पाणी चिपळूणांत शिरलें. वीज गेली, फोन मुके झाले. अशा वेळीं खात्यांत किती रक्कम आहे ह्याला कांहीं अर्थ उरत नाहीं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन्ही देशांत भर दुपारीं वीज गेली, तेव्हांहि हाच अनुभव आला. जवळ नाणीं-नोटा असणाऱ्यांनीं पाणी आणि पाव विकत घेतला. बाकीच्यांजवळ कार्डें होतीं.

स्वीडननें ह्यांतून काय घेतलें? तेथील सरकारनें २०२४ च्या नोव्हेंबरांत, संकट किंवा युद्ध आल्यास काय करावें हें सांगणारी पुस्तिका घरोघर धाडली. तींत अन्नपाण्याबरोबर निदान आठवड्याला पुरेल इतकी रोकड जवळ ठेवा, तीहि निरनिराळ्या किंमतीच्या नोटांत ठेवा, आणि पैसे देण्याचे निरनिराळे मार्ग आलटून पालटून वापरा, असें सांगितलें आहे. शेजारच्या नॉर्वेनें १ ऑक्टोबर २०२४ पासून रोखीनें पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यानें अधिक पक्का केला. ह्या पुस्तिकेंतील 'निरनिराळ्या किंमतीच्या नोटा' आणि 'आलटून पालटून' हे शब्द वाचले, तेव्हां मला तो रबरांचा गुंता असलेला गल्ला आठवला. रोकड ही अडीअडचणीची वाट आहे, असें आपण म्हणतों. परंतु ज्या वाटेनें रोज कोणी चालत नाहीं तिच्यावर गवत वाढतें, आणि अडचणीच्या दिवशीं ती सांपडत नाहीं. माझ्याजवळ नोट होती. नोट चालविणारा बाजार त्या दुकानांत उरला नव्हता.

कोणी म्हणेल, म्हातारा जुन्या काळांत रमला आहे. तसें नाहीं. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र मी विसरलों नाहीं. चलनांतील नोटांच्या एकूण किंमतीपैकीं सुमारें ८६ टक्के किंमतीच्या नोटा त्या रात्रीं बाद ठरल्या, आणि पुढें कित्येक दिवस आम्ही रांगांत उभे राहिलों. त्या वेळीं बंद पडलेली वाट रोकडीची होती. सुट्या पैशांऐवजीं गोळ्या-चॉकलेटें हातावर ठेवणारे दुकानदारहि मीं पुष्कळ पाहिले आहेत; फोननें ती पीडा घालविली हें मी आनंदानें कबूल करतों. वाट कोणतीहि असो, ती एकटीच असली म्हणजे भय आहे.

आणि एका गोष्टीचा विचार आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतून क्वचितच होतो. आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचा पगार मीं एकदां मोठ्या हौसेनें फोनवरून पाठविला. दुसऱ्या दिवशीं त्या दाराशीं थांबून हळूच म्हणाल्या, "मास्तर, फोनवर नका टाकू. फोन पोराजवळ असतो. पैसे आले की त्याला आधी कळतं." त्यांच्या कनवटीची नोट हीच त्यांची बँक, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाची नजर नाहीं. उद्यां दुकानांनीं रोकड घेण्याचें सोडलें, तर ती नोट घेऊन त्या बाईंनीं कोठें जावें?

औषधवाल्यांचे मालक गांवाहून परतल्यावर मीं त्यांना झालेली हकीकत सांगितली. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनीं बँकेंतून दहाच्या नोटांचें एक पुडकें आणून गल्ल्यांत ठेवलें. दुसऱ्या महिन्यांत पाहतों तों पुडकें संपलेलें! मोड घेऊन जाणारे पुष्कळ, आणून देणारा कोणी नाहीं; आणि पुन्हां बँकेंत जाण्याचें त्यांचें राहून गेलेलें. तेव्हांपासून पत्नीच्या औषधांचे पैसे मी दर महिन्याला दहा-वीसच्या नोटांतच देतों. त्या मोजण्यास त्या मुलाला अजून वेळ लागतो, आणि मागें रांगेंत उभी असलेली मंडळी माझ्याकडे रागानें पाहतात.