पडद्यावरचा हल्ला

पत्रकारावर हल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे येते लाठी, नाहीतर गोळी. ऑस्ट्रेलियाच्या संशोधक ज्युली पोसेट्टी यांनी मोबाईलच्या पडद्यावरून होणारा हल्ला मोजायला घेतला. युनेस्कोसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली १२५ देशांतल्या ९०१ पत्रकारांना प्रश्न विचारले. उत्तर देणाऱ्या स्त्रियांपैकी ७३ टक्के जणींनी ऑनलाइन छळ सोसला होता. ही उत्तरं स्वेच्छेनं दिलेली, त्यामुळे हा आकडा जगातल्या सगळ्याच स्त्री-पत्रकारांना लावता येत नाही; पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

पुढे शांततेचं नोबेल मिळालेल्या फिलिपिन्सच्या मारिया रेसा यांच्याविरुद्धचा मजकूर तर या गटानं ढिगानं तपासला. त्यातला जवळपास ६० टक्के मारा त्यांच्या पत्रकारितेवरचा विश्वास उडावा म्हणून होता. खोटारडी, विकली गेलेली, असं म्हणत राहायचं! उरलेला मारा रूप, रंग, बाईपण यांवर. माझ्या मते हा निव्वळ राग नव्हे, बातमी दाबायची ही पद्धत आहे.

‘मोबाईल बंद करा, झालं,’ असा सल्ला देणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: पाहणीतल्या २० टक्के स्त्रियांनी सांगितलं, की ऑनलाइन छळाशी जोडलेला त्रास किंवा हल्ला त्यांच्यावर प्रत्यक्षातही झाला.