उतरण्यासाठी आधी चढावे लागते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



फायलींत जन्म घालविलेल्या माणसाने मोटारसायकलच्या प्रवासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मंडळातील काही तरुण येत्या उन्हाळ्यात मनाली-लेह मार्गावर जाण्याचा बेत आखीत आहेत. आम्ही चौघे सहकारी २०२२ च्या जुलैत त्याच वाटेने गेलो होतो. म्हणून चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यवाहांनी केली.

घाट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. कोकणातून कुंभार्ली चढला की देश लागतो, चढ एकदाच. हिमालयाचा हिशेब निराळा आहे. या मार्गावर बारालाचा, नकी, लाचुलुंग आणि तांगलांग अशा खिंडी एकीमागून एक येतात. शेवटची तांगलांग सुमारे ५,३२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून उंच. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. माणसाला धाप लागते आणि इंजिनाचाही जोर ओसरतो.

सौंदर्याविषयी काय सांगावे! तांडी येथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो व तीच पुढे चिनाब होते. तिचे जुने नाव चंद्रभागा. पंढरीचे वाळवंट पाहिलेल्या मनाला त्या नावापाशी क्षणभर थांबावेसेच वाटते. दारच्यानंतर झाडे विरळ होत जातात आणि डोंगर गेरू, राख व जांभळा असे रंग धारण करतात. गाटा येथील २१ वळणे चढून खाली पाहिले, तर आपणच आलेला रस्ता गुंडाळून ठेवलेल्या दोरखंडासारखा दिसतो. पुढे पठार लागते त्याचे नाव मोरे. कोणी सातारकर मोरे पूर्वी येथे येऊन गेले की काय, अशी शंका आमच्यातील एकाने काढलीच!

आता मुद्द्याचे. पहिला मुक्काम आम्ही जिस्पा येथे, सुमारे ३,२०० मीटर उंचीवर केला. पहाटे निघताना आमचे एक सहकारी हेल्मेट हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. रात्रभर त्यांचे डोके ठणकत होते, मळमळत होते. पण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, या भिडेपायी ते बोलले नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की रजा मोजकी आहे, सरचूच्या तंबूचे पैसे भरले आहेत, विश्रांती तेथेच घेऊ. तेव्हा मुक्कामाच्या मालकांनी शांतपणे विचारले, "साहेब, तेथे यांचे दुखणे वाढले, तर खाली कसे आणाल?"

प्रश्न साधा होता, पण त्याने आमची बोलती बंद झाली. उंचीच्या दुखण्यावर खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे. मागे बारालाचा जवळजवळ ४,९०० मीटर, पुढे आणखी उंच खिंडी. म्हणजे तेथून कोणत्याही दिशेने उतरायचे, तर आजारी माणसाला आधी चढवावे लागते. निर्णय घ्यायचा तो खिंडीच्या अलीकडेच.

आम्ही थांबलो. तंबूचे पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांची तब्येत सुधारली आणि चौघेही लेहला पोहोचलो. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग चढण्याचे श्रम व वेळ वाचतात. पण आपले रक्त काही त्या वेगाने विरळ हवेला सरावत नाही. बोगद्याने वाचविलेला वेळ शरीराला द्यावा, हे उत्तम.

त्या थांबलेल्या दिवशी रस्त्यावर काम करणारी माणसे पाहिली. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेच्या या कामांवर झारखंड-बिहारकडील मजूर मोठ्या संख्येने असतात. दरड हटविणे, खडी पसरणे, डांबर ओतणे, हे सारे त्या विरळ हवेत. सायंकाळी ते आपल्या गावच्या बोलीत बोलत बसले होते. परप्रांतात आपली भाषा बोलणारा भेटण्याचे सुख आपण मंडळाच्या सभासदांना समजावून सांगायला नकोच. मोटारसायकलस्वाराची ऐट त्यांच्या फावड्यावर उभी असते.

म्हणून तरुण मित्रांना तीनच गोष्टी सांगतो. ओढे सकाळी ओलांडा. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून त्यांचे पाणी चढते. वळणावर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या. आणि रजेच्या अर्जात एक दिवस अधिक मागा. तो लागला नाही, तर लेहच्या बाजारात हिंडा. लागला, तर ज्याचे डोके दुखत असेल त्याला ते सांगण्याचा संकोच वाटणार नाही.