थरांचे वांगे : मुसाका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एखादा नवा पदार्थ सांगा, अशी मंडळाची आज्ञा झाली. नवा पदार्थ म्हटला की आपल्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. त्याचे जिन्नस शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारात मिळत नाहीत, आणि घरात ओव्हन नसतो. मी आज सांगणार आहे त्या मुसाक्याला या दोन्ही अडचणी येत नाहीत.

मुसाका हा ग्रीस, तुर्कस्तान, मिसर या बाजूचा पदार्थ. पण त्याचा सारा जीव वांग्यात आहे, आणि वांगे मूळचे आपल्याच बाजूचे. इराण आणि अरबांच्या मुलखातून ते तिकडे पोचले. थरांवर दुधाची घट्ट पांढरी साय घालायची रीत मात्र अलीकडची, १९२० नंतर ग्रीसमधल्या त्सेलेमेंतेस नावाच्या आचाऱ्याने रूढ केलेली. तिकडे मधल्या थरात खिमा असतो. आपण वाल घालू. भात कापल्यावर त्याच ओलीवर आपल्याकडे वाल होतो, त्याच्यासारखा चवदार दाणा मला तरी दुसरा ठाऊक नाही.

ओव्हनचे म्हणाल, तर आपल्याकडच्या कायस्थांच्या घरी कोबीचे भानोले कसे होते ते आठवा. खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि मध्ये पातेले. मुसाक्याला याहून निराळे काही लागत नाही.

चातुर्मासात पुष्कळ घरी वांगे चालत नाही. म्हणून चंपाषष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य झाला, की तेथून पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेपर्यंत हा पदार्थ करावा. तेव्हा वांगी कोवळी आणि स्वस्त असतात.

आठ तुकड्यांसाठी भरताची मोठी वांगी एक किलो, बटाटे अर्धा किलो, तीन कांदे, चार टोमॅटो, दीड वाटी कडवे वाल आणि अर्धा लिटर दूध घ्यावे. वाल दोन दिवस आधी भिजत घालून मोड आणावे, सोलून डाळिंब्या कराव्या. कांदा तांबूस परतून त्यात लसूण, हळद, तिखट आणि टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत आटवावे. मग शिजलेल्या डाळिंब्या घालाव्या. चिमूटभर दालचिनीची पूड घालावी, गरम मसाला नको. हे बिरडे अगदी कोरडे झाले पाहिजे.

आता वांगे. सगळा पदार्थ यावरच उभा राहतो किंवा बसतो. बोटभर जाडीच्या चकत्या करून मीठ लावावे आणि अर्धा तास चाळणीत उभ्या ठेवाव्या. मीठ वांग्यातले पाणी ओढून घेते. ते पाणी राहिले तर पुढे थरांत सुटते आणि सगळी खिचडी होते. शिवाय कच्चे वांगे स्पंजासारखे तेल पिते, मीठ लावलेले कमी पिते. चकत्या धुवायच्या नाहीत, फडक्याने टिपायच्या. तानसा, वैतरणा, भातसा आपल्याकडची आणि चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहायची आपल्या पाड्यांनी, तेव्हा तांब्याभर पाणी वाचले तर बरेच आहे! टिपलेल्या चकत्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजाव्या. बटाटे अर्धकच्चे उकडून त्यांच्याही चकत्या कराव्या.

पांढऱ्या थरासाठी दोन चमचे तुपावर तीन चमचे मैदा मंद आचेवर परतावा, रंग बदलू देऊ नये. दूध थोडेथोडे घालत घोटावे. पिठल्याइतके दाट झाले की मीठ आणि किंचित जायफळ घालावे. ज्यांच्याकडे अंडे चालते त्यांनी निवल्यावर एक फेटून घालावे, न घातले तरी अडत नाही.

लंगडीला तेलाचा हात लावून तळाशी बटाटा, त्यावर वांगे, मग बिरडे, पुन्हा वांगे आणि शेवटी पांढरे. बटाटा खालीच हवा, तो रस पितो आणि तुकडा उचलताना आधार देतो. चुलीतली लाकडे ओढून निखारे पसरावे, वर ताट झाकून त्यावरही निखारे ठेवावे. गॅस असेल तर लंगडीखाली तवा ठेवून पाऊण तास मंद आच द्यावी आणि शेवटी दुसरा तवा खूप तापवून वर झाकावा, म्हणजे वरचा थर तांबूस होतो. उतरवल्यावर अर्धा तास मुळीच हात लावू नये. गरम कापले तर थर घसरतात.

आता हाच पदार्थ मी का निवडला ते सांगते. रस्साभाजीत ऐनवेळी पाहुणा आला तर आपण तांब्याभर पाणी ओततो आणि भाजी पुरवतो. पण पुरते ती कोणाला? दाणे आणि फोडी आधीच्या पंगतीत वाढून झालेल्या असतात. मागाहून बसते तिच्या ताटात नुसते पाणी येते. मग दवाखान्यात गेले की रक्त कमी निघते, गोळ्या मिळतात, आणि घरी येऊन आपण पुन्हा रश्शाशी भाकरी खातो.

मुसाक्यात पाणी ओतता येत नाही. तो कापावा लागतो, आणि कापला की मोजला जातो. घरात सात माणसे असली तर सात तुकडे आणि आठवा पाहुण्याचा. सातवा तुकडा कोणाचा हे मुलासुद्धा कळते, तो मागायला कोणाची जीभ रेटत नाही. आपणच उठून तो दुसऱ्याला वाढतो, ही गोष्ट वेगळी! माझ्या जावेने तर सर्वांच्या देखत स्वतःचा तुकडा आधी ताटात काढून वर झाकण घालायची रीत पाडली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिले, बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेस त्यांनीच विचारले, "तुझा काढलास का गं?"

खर्चही फार येत नाही. तेल, तूप आणि दूध यांचाच काय तो जास्त. दुसऱ्या दिवशी तुकडा तव्यावर झाकून गरम करावा, चव अधिकच मुरलेली लागते. मागच्या टेबलावर दोन लंगड्या ठेवल्या आहेत. सोळा तुकडे आहेत आणि जमलेल्या बायका बत्तीस, तेव्हा एकेका तुकड्याचे दोन करून घ्यावे.