काळ्या मातीतले किरण

आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला वैशाखात वावरात उभं राहा. भेगाळलेल्या काळ्या मातीचं एक ढेकूळ उचला. हातात येतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसॉल्टचा भुगा. त्यातही युरेनियम असतं, पण फार थोडं. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट. जगभरच्या मातीत सरासरी किलोमागे सेकंदाला युरेनियमचे ३५ च्या आसपास अणू फुटून किरण सोडतात. पोटॅशियमचे तर सुमारे ४००! पोटॅश खताच्या गोणीतही तेच. यात भिण्यासारखं काही नाही.

काळजी वाटते ती युरेनियमच्या खाणींच्या गावांची. झारखंडमधल्या जादूगोड्यात १९६७ पासून युरेनियम निघू लागलं. जर्मनीत सॅक्सनीतल्या खाणी १९९० मध्ये बंद पडल्या. दगड दळून युरेनियम काढून घेतात, पण त्यापासून बनलेलं रेडियम मागे उरलेल्या गाळातच राहतं. ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. त्यातून रेडॉन वायू झिरपतो. बंद खोलीत साचून छातीत गेला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून खाण बंद झाली तरी गाळावर मातीचा जाड थर हवा, विहिरींचं पाणी तपासत राहायला हवं. आणि तो गाळ, कितीही फुकट मिळाला तरी, घराच्या पायात कुणी भरू नये.