पट कमी झाला म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा भाग थोडा वेगळा आहे. ॲप नाही, गॅजेट नाही. आज शाळेच्या पटाबद्दल बोलू.

झालं असं, जूनमध्ये गावी गेलो होतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेतले सर रस्त्यातच भेटले. माझ्याच वयाचे आहेत. म्हणाले, "यंदा पट अकरा. पहिलीला दोनच पोरं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? जरा आकडे बघून सांगा, पोरं गेली कुठं?"

मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलो. तेव्हा आमच्या एका वर्गातच तीसेक मुलं होती. म्हटलं, बघूया तरी.

आधी मोठं चित्र. १९५०-५१ मध्ये आख्ख्या देशात पहिली ते पाचवीत १ कोटी ९२ लाख मुलं होती. त्यात मुली फक्त ५४ लाख. २०१०-११ पर्यंत हाच आकडा साडेतेरा कोटींच्या आसपास गेला. हे आपोआप झालेलं नाही. वस्तीवस्तीवर शाळा निघाल्या. २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आलं. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आज ग्रामीण भागातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळेत आहे, असं 'असर'ची २०२४ ची पाहणी सांगते.

म्हणजे मुलं शाळेत आहेत. मग सरांचा पट अकरा का? मला तीन उत्तरं सापडली. तिन्ही एकदम वेगळी आहेत, आणि आपण नेमका तिथेच घोळ घालतो.

पहिलं उत्तर: मुलं जन्मालाच कमी येतायत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.९ मुलं व्हायची. २०१९-२१ मध्ये हा आकडा १.७ वर आला. शिवाय आमच्या गावातली माझ्या पिढीतली निम्मी माणसं पुण्या-मुंबईला आहेत. मीही त्यातलाच. आमची मुलं गावच्या पटावर येणार कशी? यात शाळेचा काहीच दोष नाही.

दुसरं उत्तर: काही मुलं मुळात नव्हतीच! २०११ चा ऑक्टोबर आठवतोय का कुणाला? मी नववीत होतो. राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली. आमच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. आधी नांदेड जिल्ह्यात हा प्रयोग झाला होता. आम्हाला मजा वाटली, पण त्या मोजणीत शेकडो शाळांमधून कागदावरची निम्म्याहून जास्त मुलं जागेवर सापडली नाहीत. कारण साधं आहे. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, म्हणजे संचमान्यता होते. पटावर अनुदान ठरतं. जिथे आकड्यावर पैसे मिळतात, तिथे आकडा फुगतो.

आता हेच देशपातळीवर बघा. यूडायस प्लस म्हणजे देशातल्या शाळांचा सरकारी डेटाबेस. २०२१-२२ मध्ये त्यात सुमारे २६ कोटी ५२ लाख विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये राहिले २४ कोटी ८० लाख. बातम्या आल्या, 'दीड कोटीहून जास्त मुलं शाळेबाहेर!' पण मधे काय झालं होतं? पूर्वी शाळा नुसती बेरीज कळवायची. २०२२-२३ पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख दिली की डुप्लिकेट गळतात. म्हणून तर मंत्रालयानेच सांगितलं की हे आकडे आधीच्या आकड्यांशी थेट ताडून बघू नका.

तिसरं उत्तर बोलायला मला जड जातंय. मुलं दुसऱ्या शाळेत गेली. माझ्या चुलतभावाची मुलगी रोज व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते. तिच्या ॲडमिशनची फी मीच फोनवरून भरली होती, दोन मिनिटांत. सर माझ्याशी बोलत होते तेव्हा हे मला आठवलं, आणि मी काही बोललो नाही.

आता हे सगळं महत्त्वाचं का? कारण उपाय पटावरच ठरतो. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा होत्या आणि त्यांत जवळपास १ लाख ८५ हजार मुलं. त्या एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला. त्यामागचं म्हणणं खोटं नाही. दोन पोरांच्या पहिलीत खेळायला, भांडायलासुद्धा कोणी नसतं. पण कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. आमच्या गावातून पुढची शाळा ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात सहा वर्षांच्या पोरीला तिकडे कोण सोडणार? ज्यांना परवडतं, त्यांची मुलं आधीच व्हॅनने गेलीत. पटावर उरलेली अकरा पोरं ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांचीच आहेत. शाळा बंद झाली तर किंमत तीच मोजणार.

आणि पट भरला म्हणजे काम झालं असंही नाही. 'असर'च्याच पाहणीत पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. नाव पटावर असणं आणि वाचता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आपण काय करायचं? मी चुलतभावाला 'पोरगी परत आण' म्हणणार नाही, तो हक्क मला नाही. पण प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं कायदाच सांगतो. तुमच्या गावच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे पुढच्या वेळी गावी गेलात की विचारा. आणि पट कमी झाल्याची बातमी वाचलीत, तर फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न: पोरं जन्मली नाहीत, नव्हतीच, की दुसरीकडे गेली?

मी सरांना फोन करून हे सगळं सांगितलं. फीचंही सांगितलं. ते हसले. म्हणाले, "ते माहितीये मला. दिवाळीत या, पोरांना कॉम्प्युटर दाखवा." जाणार आहे. लॅपटॉप घेऊन.

तुमच्या गावच्या शाळेचा पट किती आहे, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!