ओळखीचेच टेकोडे आणा

(मुलचेरा येथे बचत गटांच्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

 

पाऊस लागला आहे. दोन-चार दिवसांची झड आणि मग दमट ऊन पडलं की कोणत्या वारुळापाशी टेकोडे निघतील, हे इथल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक असतं. त्यांना मी काय शिकवणार? एवढंच सांगते, की टेकोडे माणसाला पिकवता आलेले नाहीत. त्यांची शेती वाळवी करते. वारुळाच्या पोटात ती बुरशी वाढवते, आणि पावसात त्याच बुरशीतून टेकोडे वर येतात. म्हणून काढताना वारूळ फोडू नका.

कांदा, लसूण, मिरची घालून केलेला रस्सा आणि गरम भात. बोलताना माझ्याच तोंडाला पाणी सुटतंय. पण याच भाजीसारखी दिसणारी विषारी भाजी आख्ख्या घराला बाधते, कारण एका हंडीतून सगळे जेवतात.

तांदूळ काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्लं तर चांगलं, असं आपण ऐकतो. यातलं काहीही खरं नाही. सर्वांत घातक विष उकळून किंवा वाळवूनही जात नाही. देठावर कडं आणि बुडाशी वाटी दिसली तर सोडून द्या. वरून उपटलं तर ती वाटी मातीतच राहते, म्हणून काडीने हळूच उकरून बूड पाहा. कडं-वाटी दिसली नाही म्हणून अनोळखी भाजी चांगली ठरत नाही. ओळख ज्या त्या रानाची असते. लग्न होऊन नव्या गावी आलेल्या सुनेने माहेरच्या ओळखीवर इथे टोपली भरू नये.

बायबलमध्ये इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला. तो पाहून त्यांनी आधी एकमेकांना विचारलं, हे काय आहे? मोशेने सांगितलं, तेव्हा गोळा केला. सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले. टेकोड्यांचंही तसंच आहे, त्याच दिवशी रांधा.

आता नीट ऐका. घातक विषाची उलटी-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होते, कधी त्याहूनही उशिरा. रात्री जेवलात तर पहाटे. मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात, टळलं. पण त्याच वेळी आत लिव्हर खराब होत असतं. म्हणून बरं वाटलं तरी थांबू नका. पुजाऱ्याकडे जायचं तर नंतर जा, आधी १०८ ला फोन करा. जेवलेल्या सगळ्यांना न्या, ज्याला काही होत नाही त्यालाही. उरलेली भाजी, निवडून टाकलेले देठ सोबत घ्या, डॉक्टरांना उपयोग होतो.

आश्रमशाळेतल्या आपल्या मुली पावसाळाभर वसतिगृहात असतात. त्यांना रान कोण दाखवणार? आजी, तुमची टोपली इकडे पुढे आणा. मी बसते. मुलींना देठ तुम्हीच दाखवा.